एकाच अक्षरातली पत्रं

दप्तरखान्यातल्या बाईंनी तीस वर्षं लोकांना त्यांचे आजे-पणजे शोधून दिले. निवृत्तीला महिना उरला, तेव्हा कुठे त्यांनी स्वतःच्या वडिलांची नोंद काढली. वडील खलाशी होते. जहाजाच्या रजिस्टरातली त्यांच्या मृत्यूची तारीख पाहून बाई चक्रावल्याच. त्या तारखेला त्या जेमतेम चार वर्षांच्या होत्या, आणि बाबांची पत्रं तर त्यांना दहाव्या वर्षापर्यंत येत होती!

त्यांनी तडक मावशीचं घर गाठलं.

"अगं, तुझ्या बाबांना लिहिता कुठं येत होतं?" मावशी म्हणाली. "पहिल्यापासून त्यांचा जहाजावरचा सोबती लिहून द्यायचा. ते गेल्यावर तुझ्या आईनंच त्याला कळवलं, पोरीची पत्रं एवढ्यात थांबवू नका म्हणून."

घरी येऊन बाई पत्रांचे दोन गठ्ठे करायला बसल्या, एक बाबांचा, एक त्या माणसाचा. अक्षर एकच, म्हणून तारखा पाहून पत्रं वेगळी केली. शेवटी त्यांचं सगळ्यात लाडकं पत्र हाती आलं: 'आज समुद्र तुझ्या फ्रॉकच्या रंगाचा आहे.' त्यावर तारीखच नव्हती.

ते कुठल्या गठ्ठ्यात ठेवावं, बाईंना काही केल्या सुचेना. डोळे भरून आले होते, पण कुणाच्या आठवणीनं, तेही कळेना.