चालवणारीला विचारा

आमच्या फळबाग संघाचा ट्रॅक्टर एकोणीस वर्षं एकाच बाईने चालवला. तिला सगळे क्लचताई म्हणायचे. उंचीने ती बेताची. क्लच दाबायचा म्हणजे तिला सीटवरून अर्धवट उठावं लागायचं आणि तेवढ्या वेळापुरता डावा खांदा खाली जायचा. संत्र्याच्या ओळींतून लांबून एक खांदा वर-खाली होताना दिसला की कामावरची माणसं म्हणायची, "आली क्लचताई, फांद्या सावरा."

संघाचे पहिले चालक म्हणजे तिचे सासरे. ऐन फवारणीत त्यांचे गुडघे आखडले आणि माणूस मिळेना, तेव्हा ही म्हणाली, "दोन दिवस मी बघते." त्या दोन दिवसांची एकोणीस वर्षं झाली. नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं शिलाई मशीन, मागच्या पडवीत हिचे ग्रीसचे डबे. "आमच्याकडे दोघांच्याही हाताला तेल," असं तो गिऱ्हाइकांना हसून सांगायचा.

मी त्या संघाचा चिटणीस. बैठका लिहून काढायचं काम माझं.

जुन्या ट्रॅक्टरची गिअरपेटी तडकली, तेव्हा दुरुस्तीचा नाद सोडून नवा घ्यायचं ठरलं. कुठला घ्यायचा यावर नऊजणांची बैठक बसली. अध्यक्षांनी जावयाने परदेशातून पाठवलेला फोटो सगळ्यांच्या हातांतून फिरवला. अरुंद, बुटका, खास फळबागांसाठी बनवलेला ट्रॅक्टर. तो मागवायचा, असं त्यांच्या मनाने घेतलंच होतं. कोणीतरी भीत भीत म्हणालं, "आपल्या इथल्या कारखान्यातही बनतात की." त्यावर अध्यक्ष म्हणाले, "इथल्याला पत्र्याचा डबा म्हणतात लोक." पिकतं तिथे विकत नाही, तसलाच प्रकार. दोन तास आम्ही वाद घातला. आमच्यापैकी एकानेही त्या जुन्या ट्रॅक्टरचा गिअर कधी टाकला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

क्लचताई किल्ली जमा करायला आली होती आणि दारातच थांबली होती. तिने विचारलं, "त्याचे सुटे भाग किती दिवसांत येतात?"

"अगं, तो बिघडतच नाही," अध्यक्ष म्हणाले.

"असं तर मामंजींच्या गुडघ्यांबद्दलही म्हणायचे सगळे."

सगळे हसले. मला मात्र एकदम ओशाळल्यासारखं झालं. चार पानं लिहून झाली होती आणि चालवणारीला विचारावं हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मी उठून म्हणालो, "ताईंनी दोन्ही ट्रॅक्टर बघून यावं. पंधरा दिवसांनी ठरवू." अध्यक्षांनी माझ्याकडे रागाने पाहिलं, पण बाकीच्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेलो तर शिंपी गळ्यात टेप अडकवून ट्रॅक्टरवर चढलेला. बायको सीटवर बसलेली आणि हा तिची मापं घेतोय. कमरेपासून गुडघा, गुडघ्यापासून टाच, सीटपासून क्लच.

"साडेचार इंच कमी पडतात," तो म्हणाला. मग टेप गुंडाळत, "एकोणीस वर्षं तू साडेचार इंच लटकत बसलीस? आणि मी तुझ्या पाठीला शेक देत राहिलो."

"मला वाटलं, ट्रॅक्टर असाच असतो," ती म्हणाली.

मग दोघांनी बागेत जाऊन फांद्यांमधली मोकळी जागा मोजली. जेमतेम साठ इंच भरली.

परदेशी ट्रॅक्टर दाखवणाऱ्या विक्रेत्याच्या दुकानात मीही गेलो होतो. फरशी अशी चकचकीत की ताईने चपला बाहेर काढल्या. विक्रेता सगळी माहिती शिंप्याला देत होता. शेवटी शिंपी म्हणाला, "अहो साहेब, मला फक्त शिलाई मशीन चालवता येतं. यांना सांगा."

ती वर बसली. सीट पुढे आली, वर झाली, स्टिअरिंगसुद्धा तिच्याकडे झुकलं. पाय अलगद क्लचवर टेकला. रुंदी अठ्ठेचाळीस इंच. इंजिन सुरू केलं तरी बोलणं ऐकू येत होतं. तिचा चेहरा लहान मुलीसारखा खुलला. मनात म्हटलं, झालं, अध्यक्ष जिंकले.

"आणि सुटे भाग?" तिने विचारलं.

"फिल्टर वगैरे इथेच मिळतील. मोठं काही लागलं तर बाहेरून मागवावं लागतं. सहा-सात आठवडे धरा." माणूस खरं बोलला, हे कबूल करायला हवं.

परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत बसली होती. "फार छान आहे हो तो," एवढंच म्हणाली.

इथला कारखाना म्हणजे तीन लांबलचक शेड आणि पुढे मोकळं पटांगण. फोरमन साठीचे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "चालवणार कोण?"

"मी."

"मग चढा."

ती चढली. पाय पोचला नाही. सीट एका जागी घट्ट बसवलेली. रुंदी सत्तावन्न इंच. इंजिन सुरू झालं तेव्हा बॉनेट थडथडायला लागलं. ती खाली उतरली आणि पदराने हात पुसत राहिली.

शिंप्याने खिशातून मापांचा कागद काढून फोरमनसमोर धरला. फोरमननी तो दोनदा वाचला. "आजवर कोणी मापं घेऊन आलं नव्हतं," ते म्हणाले. "सगळे किंमत विचारतात नि रंग विचारतात." मग त्यांनी खाली बसून खडूने फरशीवर आकृती काढली. मागची चाकं उलटी फिरवून बसवली की रुंदी पाच इंचांनी उतरते. सीटखाली सरकती पट्टी टाकता येईल. पेडलचा दांडा लांब करता येईल. "पण बाई, रुंदी कमी झाली की उतारावर जपावं लागेल. आणि आवाज काही कमी होणार नाही. त्याचं खोटं सांगत नाही."

"आमच्या बागा सपाट आहेत," ती म्हणाली. "मोठा भाग बिघडला तर?"

"भाग याच शेडमध्ये बनतात. त्याच दिवशी माणूस पाठवतो."

दुसऱ्या बैठकीत ती खुर्चीवर बसली, दारात उभी राहिली नाही. म्हणाली, "मशीन परदेशीच चांगलं आहे. मनापासून सांगते, मला तेच आवडलं. पण फवारणीच्या दिवसांत ते बंद पडलं तर सात आठवडे कीड आपल्यासाठी थांबणार आहे का? इथला घेऊ. मात्र आधी आठ दिवस चालवून बघणार. नाही जमला, तर मीच परत नेऊन देईन."

अध्यक्ष म्हणाले, "नंतर माझ्याकडे रडत यायचं नाही."

"रडायला माझं माहेर आहे, अप्पा."

ट्रॅक्टर आला. पहिल्या ओळीत ती शिरली तेव्हा आम्ही सगळे बांधावर उभे होतो. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा राहिली. पाठ सीटला टेकलेली आणि खांदा जागच्या जागी. कामावरची एकजण म्हणाली, "कोण चालवतंय? ताई दिसत नाहीत."

तिसऱ्या दिवशी मात्र अवजार उचलणाऱ्या मागच्या लिफ्टमधून तेल गळायला लागलं. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी हसू म्हणणार नाही, पण जवळपास तेच होतं. सकाळी दहाला मी फोन केला. दुपारी दोनला कारखान्याचा मिस्त्री बसमधून उतरला, नवं सील शर्टाच्या खिशात. साडेतीनला फवारणी सुरू झाली. अध्यक्ष गळतीच्या जागी बोट फिरवून बघत होते. बोट कोरडं निघालं. "बरं आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे दोन शब्द म्हणजे हारतुरेच.

आठ दिवसांनी ट्रॅक्टर परत गेला नाही. आवाज अजून आहे. ती कानात कापूस घालते. पाठीचा शेक मात्र बंद झाला. फोरमननी सरकत्या सीटचं काम पुढच्या सगळ्या छोट्या ट्रॅक्टरांवर सुरू केलंय, असं मिस्त्री सांगत होता.

गेल्या महिन्यात एका सकाळी अध्यक्षांची बायको शेडमध्ये आली. वय अठ्ठावन्न, उंची ताईएवढीच. म्हणाली, "सीट पुढे येते म्हणे. मला शिकवशील का?"

ताईने तिला वर बसवलं, स्वतः शेजारी जमिनीवर उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, आधी क्लच पूर्ण दाबा. सावकाश. घाई कुणाला आहे?"

ट्रॅक्टर एक गचका देऊन बंद पडला. काकू मोठ्याने हसल्या आणि त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली.