कुंदाचा उसना खोकला

असे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. चार बायका एका टेबलावर डबे उघडतात, त्यातली एक म्हणते, "आज पोटात कसंतरीच होतंय गं," आणि उरलेल्या तिघी ताबडतोब डॉक्टर होतात. हे आठ-दहा वर्षं रोज चाललं की माळ्यावर रद्दी साचावी तसे किस्से साचत जातात. मी ते हसत हसतच सांगायला घेते. हल्ली मात्र मध्येच कुठेतरी आवाज बसतो.

आमची कंपनी अंधेरीला. व्हिटॅमिनच्या गोळ्यांची. पॅकिंग हॉलमध्ये सरकत्या पट्ट्याशेजारी आम्ही चौघी असायचो: मी, कुंदा, वेसाव्याची हिरा आणि गोवंडीहून दोन बस बदलून येणारी शालन. आम्ही तिघी परमनंट, शालन टेंपररी. ठरलेले दिवस सलग भरले की तीही परमनंट होणार होती. मध्ये खाडा पडला की गिनती पुन्हा पहिल्यापासून! नवऱ्याची गिरणी बंद, पदरात दोन मुली. तिचं सगळं घर त्या सलग दिवसांवर टांगलेलं होतं.

आणि गंमत बघा, दिवसभर व्हिटॅमिन बाटल्यांत भरणाऱ्या आम्ही स्वतः एक गोळी तोंडात टाकत नसू. हलवाई कुठं स्वतःची मिठाई खातो? आमचा सगळा भरवसा स्वयंपाकघरातल्या डब्यांवर, आणि त्या दवाखान्याची मुख्य डॉक्टर मी. आईकडून चार उपाय शिकले होते. बाकीचे चाळीस मी नुसत्या आत्मविश्वासावर सांगायचे.

* * *

एका दिवाळीला कंपनीनं प्रत्येकीला बी-कॉम्प्लेक्सच्या दोन पट्ट्या भेट दिल्या. लोक मिठाई देतात, आमच्याकडे हे!

हिरा म्हणाली, "सुलभा, ह्याचं काय करू गो?"

"नवऱ्याला दे. होडीवर राबतो बिचारा. रोज एक."

चार दिवसांनी हिरा रडवेली होऊन आली. नवऱ्याला लघवी पिवळीधमक होत होती. सासूनं लगेच कावीळ ठरवली आणि त्याला एका म्हाताऱ्या वैदूकडे नेलं. त्यानं चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले, पाणी पिवळं झालं, कावीळ पक्की! मीठ बंद, तेल बंद, मासळी बंद. कोळ्याच्या घरात मासळी बंद!

अळणी भात खाऊन माणूस गळून गेला. अशक्तपणा आला म्हणून हिरा त्याला एकाऐवजी दोन गोळ्या द्यायला लागली. लघवी आणखी पिवळी झाली. वैदू म्हणाला, "दुखणं जुनं आहे."

ह्या गोळ्यांनी लघवी पिवळी होते, हे हॉलमधल्या प्रत्येकीनं ऐकलेलं होतं. पण मलासुद्धा ते तेव्हा आठवलं नाही. दोन्ही पट्ट्या संपल्या, आणि दुसऱ्याच दिवशी कावीळ उतरली!

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी हिराला सांगितलं, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "गप ऱ्हा, बाय माझी. सासूनं देवीला कोंबडा दिलाय!"

ऐन हंगामात त्याचे दहा दिवस मात्र बुडाले, आणि ते माझ्या एका शब्दानं बुडाले. तेव्हा मी त्यावर पोट धरून हसले होते.

* * *

आमचे सुपरवायझर डिमेलोसाहेब मरोळचे. माणूस कडक, पण आतून चांगला. एकदा त्यांना उचक्या लागल्या, त्या सकाळपासून दुपारपर्यंत थांबेनात. साखर झाली, पाणी झालं, श्वास रोखून झाला.

"दचकवायला पाहिजे," मी हिराच्या कानात सांगितलं.

हिरा म्हणजे मासळीबाजारात ओरडून मासे विकलेली बाई. तिनं हॉल हादरेल असा आवाज काढला, "साहेब! लेबल चुकीचं लागतंय!"

उचकी जागच्या जागी थांबली. साहेब धावले, पट्टा बंद केला, बाटली उचलून बघितली. आणि खरंच चुकीचं लेबल लागत होतं! आदल्या दिवशीच्या बॅचचा गठ्ठा तसाच चालू राहिला होता.

वरच्या साहेबांनी येऊन डिमेलोसाहेबांची पाठ थोपटली. हिराला मेमो मिळाला. पॅकिंग हॉलमध्ये ओरडल्याबद्दल!

* * *

कुंदाला त्या वर्षी डायटिंगचं वेड लागलं होतं. सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध, दुपारी डब्यात उकडलेला दुधी. तो दुधी ती पाच मिनिटांत संपवायची आणि मग "जरा चव बघते" म्हणत हिराच्या डब्यातलं कोलंबीचं कालवण आणि माझ्या डब्यातल्या दोन पोळ्या खायची.

मी म्हटलं, "कुंदे, डायटिंग चाललंय ना तुझं?"

"माझ्या डब्याचं चाललंय. तुमच्या डब्याचं नाही!"

तीन महिन्यांत तिचं वजन दोन किलोनं वाढलं. एका दुपारी ती शालनकडे टक लावून बघत म्हणाली, "शालन, तू काय खातेस गं? सांग ना, यार! बघता बघता किती बारीक झालीस!"

आम्ही सगळ्या हसलो. शालनही हसली. ब्लाउजला दोन्ही बाजूंनी टाके घातल्याचं तिनंच दाखवलं.

मी तिला डिंकाचे लाडू खायला सांगितलं.

* * *

शालनला खोकला होता. पावसाळ्यात आला तो दिवाळी झाली तरी गेला नव्हता. संध्याकाळी अंग कसकसायचं. मी म्हटलं, "कडकी आहे, गुळवेल घे." खोकल्याला मी अडुळशाचा रस मधातून दिला, हळदीचं दूध सांगितलं, गालात धरायला ज्येष्ठमधाची काडी घरून नेऊन दिली. ती बिचारी मी सांगेन ते करायची. कधी एक दिवस चुकवला नाही.

आमच्या हॉलचा नियम असा होता की खोकणाऱ्या बाईनं पट्ट्यावर बसायचं नाही. परमनंट असेल तर तिला बाहेर खोकी बांधायला पाठवत. टेंपररी असेल तर सरळ घरी. घरी म्हणजे खाडा, आणि शालनचे तर शेवटचे चार महिने उरले होते.

मग कुंदाला एक आयडिया सुचली. आम्हाला ती झकास वाटली. शालनला उबळ आली की तिनं कुंदाच्या पायाला पाय लावायचा. लगेच कुंदा मोठमोठ्यानं खोकायला लागायची आणि तिच्या आवाजात शालन खोकून घ्यायची. कुंदा परमनंट, तिचं कोण काय वाकडं करणार? फार तर बाहेर खोक्यांवर पाठवतील, आणि पट्ट्यावर हात कमी होते म्हणून साहेब तेही टाळत होते.

डिमेलोसाहेब लांबून बघायचे, तर कुंदा लालबुंद होऊन खोकतेय आणि शालन तिची पाठ चोळतेय. "बघा, किती माया आहे एकमेकींवर," असं ते एकदा म्हणाले!

त्या बाटल्या कुणाकुणाच्या घरी गेल्या असतील, हा विचारही तेव्हा आमच्या मनाला शिवला नाही.

* * *

तीन आठवड्यांनी डिमेलोसाहेबांनी कुंदाला बोलावलं. "कुंदा, असा खोकला चांगला नाय. ऑफिसची गाडी देतो. जा, छातीचा फोटो काढून ये."

कुंदा गाडीत बसून गेली. येताना बटाटेवडे घेऊन आली.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. कुंदाची छाती आरशासारखी स्वच्छ! डिमेलोसाहेबांनी आमच्यासमोर देवाचे आभार मानले. आम्ही चौघींनी कॅन्टीनमध्ये स्पेशल चहा मागवला. शालन म्हणाली, "ताई, माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला." कुंदा म्हणाली, "अगं, गाडीतून फिरायला मिळालं फुकट!"

ज्या बाईचा फोटो काढायला हवा होता, ती समोर बसून चहात पाव बुडवून खात होती. आम्ही शहाण्या तिला टाळ्या देत होतो. त्या दिवशी एकीनं, एकीनं तरी म्हटलं असतं की साहेब, कुंदा नव्हे, ही. खाडा पडला असता. पण रोग तीन महिने आधी कळला असता. हे गणित मी आजवर किती वेळा मांडलं असेल, सांगता येत नाही.

शालन वाचली, हे आधीच सांगून टाकते. वर्षभर इंजेक्शनं आणि गोळ्या घेऊन वाचली. एक फुप्फुस मात्र निकामी झालं. आणि परमनंट काही झाली नाही. कुंदानं त्यानंतर माझ्यासमोर टीबी हा शब्द कधी उच्चारला नाही, मीही नाही. डबे उघडायचो, जेवायचो. कुणाचं डोकं दुखलं तर कुणी कुणाला उपाय सांगत नसे.

* * *

राहिला शेवटचा किस्सा.

शालनचे दिवस भरले. सलग, एकही खाडा न पडता! आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो, तेवढ्यात ऑफिसातून कागद आला. परमनंट करण्याआधी मेडिकल. गुरुवारी सकाळी, छातीच्या फोटोसकट.

दुपारी जेवण झाल्यावर शालननं मला नळाशी गाठलं. रुमाल धूत होती. मी बघतेय हे कळल्यावर तिनं तो मुठीत धरला, पण मला दिसायचं ते दिसलं होतं. रुमालावर रक्त होतं.

"ताई," ती म्हणाली, "गुरुवारी फोटोत छाती साफ दिसायला पाहिजे. काय घेऊ?"

मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. "शालन, मला काही येत नाही गं, तू आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल," एवढंच म्हणायचं होतं. तिचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते. इतकी वर्षं मला कुणी काही विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही, असं कधी झालं नव्हतं.

"लसूण," मी म्हटलं. "सात पाकळ्या. सकाळी उपाशीपोटी."

तिचा चेहरा एकदम उजळला. ती दोन पावलं गेली आणि परत आली.

"ताई, कच्ची की भाजून?"