चीफनी मला ट्रॉलीवर बोट शिकवली

माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त वेळा मला "गाढव आहेस" म्हणणारा माणूस परवा गेला.

विनायककाका. आमच्याच बिल्डिंगमध्ये, सिंगापूरच्या मरीन परेडला, नवव्या मजल्यावर. मूळचे गुहागरचे. चौतीस वर्षं जहाजांवर, त्यातली शेवटची बरीच चीफ इंजिनियर म्हणून. रिटायर झाले तरी सगळे त्यांना चीफच म्हणायचे. काकूसुद्धा.

मी यॉट विकते हे तुम्हाला माहितीये. पांढरी बोट, गॉगल, फोटो. पण ही नोकरी मला चीफमुळे मिळाली, हे मी कधी नीट सांगितलं नाही. आज सांगते.

तीन वर्षांपूर्वी माझा आयटीतला जॉब गेला. वय त्रेचाळीस. रेझ्युमे पाठवून पाठवून वीट आला होता. लिफ्टमध्ये कुणी "काय चाललंय सध्या?" विचारेल म्हणून मी जिन्याने उतरायचे. सातव्या मजल्यावरून.

मग यॉट लावतात त्या मरीनावरच्या एका ब्रोकर कंपनीने हो म्हटलं. अटी दोन. यॉट ब्रोकरचा कोर्स पास व्हायचा आणि मोटरबोट चालवायचं लायसन्स काढायचं. ते झालं की कंपनी माझ्या वर्क पासचा, म्हणजे इथल्या नोकरीच्या परवान्याचा, अर्ज करणार.

बॉस म्हणाला, "क्लायंटसमोर बोट धक्क्यावर आपटलीस तर ती घेणार कोण?"

मुद्दा बरोबर होता.

कोर्सचं काही नाही हो. पुण्यात वाढलेली मुलगी, पाठांतर पक्कं. करार, डिपॉझिट, सर्व्हे, सगळं घडाघडा. लायसन्सची थिअरीही पहिल्या फटक्यात.

प्रॅक्टिकलला दोनदा नापास.

दोन्ही वेळा एकाच ठिकाणी. बोट धक्क्याला लावताना. धक्का जवळ आला की माझं डोकंच बंद व्हायचं. आधी जोरात पुढे, मग घाबरून जोरात मागे. दुसऱ्या वेळी एक्झामिनरने दोन्ही हातांनी रेलिंग धरलं होतं.

बॉसने सांगितलं, आता एकदाच. नाहीतर तो दुसरं कुणीतरी बघणार.

त्या दिवशी मी लिफ्टने वर आले आणि लिफ्टमध्येच रडले. नेमके चीफ आत, हातात भाजीची पिशवी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उद्या दहाला खाली भेट. लिटिल इंडियाला जायचंय."

"काका, तिथे बोट कुठे असते?"

"प्रश्न फार विचारतेस. गाढव आहेस."

तिथलं ते चोवीस तास उघडं असणारं मोठं दुकान आहे ना, तिथे गेलो. चीफनी एक ट्रॉली घेतली आणि तिच्यात तांदळाच्या चार मोठ्या पिशव्या टाकल्या.

"हिची चारही चाकं फिरतात. पुढून वळवलीस की मागचा भाग बाहेर फेकला जातो. आणि ब्रेक नाही. बोट म्हणजे हेच. तो लोणच्याचा रॅक म्हणजे धक्का. लाव."

पहिल्याच खेपेला दोन बरण्या खाली. प्लास्टिकच्या होत्या म्हणून वाचलो.

दुकानातली बाई धावत आली. "अंकल, व्हॉट यू डूइंग लाह?"

चीफ अगदी गंभीरपणे म्हणाले, "शी इज पार्किंग अ शिप."

चार आठवडे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी. शेवटी तांदूळ जागेवर ठेवायचे, कोथिंबीर घ्यायची आणि बसने घरी.

एकदा मी विचारलं, "चीफ, तुम्ही कशी लावायचात हो बोट?"

"मी? मी जन्मात एकही बोट लावलेली नाही. मी खाली इंजिनरूममध्ये. लावायचा कॅप्टन."

"अहो, मग मला कसलं शिकवताय?"

"वरून ऑर्डर यायच्या ना. पुढे, मागे, बंद. कॅप्टन घाबरट असला की ऑर्डरवर ऑर्डर. चांगला असला की दोनतीनदा मागायचा आणि गप्प बसायचा. बाकीचं पाणी करायचं. तू फार मागतेस, अमृता. थोडं दे आणि थांब."

मला कुणीतरी थांब म्हणायला हवं होतं. नुसतं बोटीवर नव्हे. नोकरी गेल्यापासून मी एक दिवस धड बसले नव्हते.

तिसऱ्यांदा पास झाले.

पेढे घेऊन नवव्या मजल्यावर गेले. "आता चला एकदा माझ्या बोटीवर. मी चालवते." चीफ म्हणाले, "बघू."

पुढे कधी गुडघा, कधी मॅच, कधी पाहुणे. किती वेळा विचारलं असेल मी. खरं सांगते, मला लागलं होतं ते. वाटलं, माझ्या हातावर यांचा अजून भरवसा नाही. गेल्या वर्षी मी विचारणंच सोडलं. आता त्याची लाज वाटते.

परवा सकाळी चहा पिताना गेले. हार्ट.

आज दुपारी काकूंनी मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"तुझ्या बोटीवर यायचं फार मनात होतं गं त्यांच्या. मीच शपथ घातली होती. रिटायर होऊन आले त्याच दिवशी. आता पाण्यावर पाऊल टाकायचं नाही म्हणून."

मी पलंगाच्या कडेवर टेकले.

"चौतीस वर्षं मी एकटीने काढली. उरलेली मला हवी होती. तू पेढे घेऊन आलीस ना, त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, एकदाच जाऊन येऊ का? मी नाही म्हटलं. परत कधी विचारलं नाही त्यांनी."

काकू रडत नव्हत्या. माझंच रडणं थांबेना.

मग म्हणाल्या, "उद्या अस्थी न्यायच्या आहेत. मुलगा भाड्याची बोट बघत होता. मी सांगितलं, नको. अमृता नेईल. मीपण येणार आहे."

काकू आजवर कधी बोटीत बसलेल्या नाहीत. चीफ निघायचे तेव्हा निरोप द्यायलाही बंदरावर जायच्या नाहीत.

बॉसने एका शब्दावर बोट दिली. परवानगीचं काम मुलाने केलंय. उद्या सकाळी आठला निघू. बोटीत जागा मोजकी आहे, म्हणून ज्यांना चीफना नमस्कार करायचाय त्यांनी साडेसातला खाली लॉबीत या.

मला भीती वाटतेय. पण सावकाश नेईन.

चीफ, काकूंनी हो म्हटलंय. उद्या चला माझ्या बोटीवर.