उमरावाचा लाल झगा

मला देवाबद्दल लिहायला सांगितलं तर आधी तक्रारच लिहीन. इथे परदेशात, झुइडओस्ट नावाच्या वस्तीतल्या भाडेकरूंसाठी मी पत्रकं लिहिते. ओल आलेल्या भिंती, दाद न देणारे घरमालक, हेच माझं रोजचं. भांडल्याशिवाय काही मिळत नाही, हा माझा धर्म. पण त्या हिवाळ्यात भांडायचं कुणाशी तेच कळेना. पुण्याहून मला भेटायला आलेल्या आईच्या डोळ्याचा पडदा सुटला. दुसरा डोळा काचबिंदूने आधीच गेलेला. ऑपरेशन झालं, डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला आणि डॉक्टरांनी बजावलं, पडदा चिकटेपर्यंत मान खालीच ठेवायची. आई खाली बघून जेवायची, पालथी झोपायची आणि सारखं कुलदेवीचं नाव घ्यायची. मला त्या नावाचाही राग यायचा. इतकी वर्षं ओटी भरली, त्याचं हे फळ?

तपासणीहून परतताना मी अगदी गळून गेले होते. "आत्ता काही सांगता येत नाही," एवढंच डॉक्टर म्हणाले होते. आईला नुसता उजेड आणि सावली कळायची. त्यात आगगाडी वाटेतल्या गौडा गावी थांबली ती थांबलीच. बाहेर बोचरा वारा. आईला कपाळ टेकून बसता येईल अशी ऊबदार जागा हवी होती, म्हणून तिथल्या जुन्या चर्चमध्ये शिरलो.

आत रंगीत काचेच्या खिडक्या, पार छतापर्यंत. वर येशूच्या गोष्टी आणि खाली, आपल्या नजरेसमोर येतील असे, खिडकीचा खर्च देणारे राजे आणि उमराव. हात जोडून गुडघ्यावर बसलेले, पण चिलखत, झगा, घराण्याची चिन्हं सगळं जागच्या जागी. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बघ आई, देवाच्या दारातही यांची जाहिरात. कर कुणाचे, घाम कुणाचा, आणि तोंड कुणाचं!"

"मी काय बघणार, बाळा?" आई फरशीकडे बघत म्हणाली. मग स्वतःच हसली. "आपल्या देवळात पायरीवर नाव घालतात बघ. येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय लागावेत म्हणून. यांना कुणी सांगितलं नसेल."

मला हसू आलं नाही, रडू आलं. एवढ्या सुंदर काचांखाली आणून मी तिला फरशी दाखवत होते.

तेवढ्यात चर्चमध्ये मदतीला असणारी एक वयस्कर बाई आली. सुरिनामला मजुरीला गेलेल्या हिंदुस्तान्यांच्या वंशातली, पणजोबांच्या वेळची हिंदी बोलणारी. माझा चढलेला आवाज तिने ऐकला असणार. "बेटी, लड़ाई बाद में कर. पहिले माई के बइठे दे." तिने एका खिडकीजवळ खुर्ची उलट फिरवून आईला बसवलं, खुर्चीच्या पाठीवर आपली शाल घडी करून ठेवली आणि आईचं कपाळ त्यावर टेकवलं. "इहाँ रुको. सूरज इधरे आवेला." आणि गेली.

आम्ही बसून राहिलो. ढग कधी सरले कळलं नाही.

"अगं," आई एकदम म्हणाली, "इथे कुंकू सांडलंय का?"

तिच्या चपलांपाशी फरशीवर लाल प्रकाश पडला होता. मी वर पाहिलं. तो खिडकीतल्या उमरावाच्या झग्याचा लाल होता. ज्याच्यावर मी एवढी चिडले होते, त्याचा सगळा थाट पायरीवरच्या नावासारखा आईच्या पायाशी येऊन पडला होता. तो तिला दिसला, कारण तिची मान खाली होती.

हा चमत्कार की बरा होत आलेला डोळा, मी वाद घालणार नाही. पुढे नजर हळूहळू परतली, सगळी नाही, पण पुरेशी. शाल परत द्यायला गेले तेव्हा ती बाई काही भेटली नाही. पत्रकं मी अजून लिहिते, तशीच तिखट. फक्त सगळं आपल्याच भांडण्याने होतं, हा हेका आता सुटलाय.

परवा पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. मी काही बोलायच्या आत ओरडली, "डोळ्यांखाली काय ही काळी वर्तुळं! झोपत नाहीस का गं?"

तिला दिसली. कॉल संपल्यावर मी कितीतरी वेळ मान खाली घालून बसले, आणि तोंडात आपसूक तिच्या देवीचं नाव आलं.