नकाशा गुरुजी आणि कोरलेला बांध

नकाशा गुरुजींना कुठंही बसवा, दोन मिनिटांत छत्रीच्या टोकानं जमिनीवर नकाशा काढणारच. अंबडच्या बसस्टँडवर, चहाच्या टपरीपुढं, एकदा तर मयतीला! ते भूगोलाचे मास्तर, मी त्याच शाळेत कवायत शिकवायचो. माझी शिट्टी वाजली की पोरं पांगायची, त्यांची छत्री टेकली की जमायची. खोटं कशाला बोलू, जळफळाट व्हायचा. त्यातून माझा स्वतःचा पोरगा प्रकाश जेवताना सारखं 'गुरुजी म्हणले' करायचा. घास गोड लागत नसे.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात आपण अणुचाचणी केली. मी टपरीवर पेढे वाटले. गुरुजींनी पेढा खाल्ला अन् छत्री टेकवली. "सर, बांधाला बांध असलेल्या दोघांतल्या एकानं बंदूक आणली, तर दुसरा झोपंल का? तोबी आणतो."

महिन्याच्या आत शेजारी देशानंही चाचणी केली. टपरीवाला म्हणाला, "गुरुजींनी बराबर सांगितल्तं." माझे पेढे सगळे विसरले!

"दोघांकडं बॉम्ब आहे म्हणल्यावर लढाई कशाची होतीय?" मी चिडून विचारलं.

"बंदुका निघायच्या न्हाईत, खरंय. पण त्याच भरवशावर माणूस हळूच बांध कोरून शेजाऱ्याचं रान दाबतो. मंग कुऱ्हाडी निघतात."

त्याच पावसाळ्यात सैन्यभरती निघाली. प्रकाशनं आधी गुरुजींना विचारलं. 'लढाई होऊ शकते, ते धरून ठरव,' असं त्यांनी सांगितलं. बापाच्या आधी त्यांना! माझं डोकं फिरलं. "काही लढाई होत न्हाई. बिनघोर जा," मी म्हणालो. निव्वळ त्यांना खोटं पाडायला. पोरगा गेला.

पुढच्या उन्हाळ्यात शेजाऱ्यानं आपल्या डोंगरमाथ्यावरची ठाणी बळकावली. लढाई पेटली अन् प्रकाशची पत्रं बंद झाली. घरात चूल पेटायची, जेवत कुणी नव्हतं. मी गुरुजींना टाळत होतो.

एका सकाळी तेच दारात आले. हातात प्रकाशचं पत्र, त्यांच्या नावावर आलेलं. अशा वेळीही पत्र त्यांनाच! काळजात चर्र झालं, अन् जळलंही.

"जिवंत आहे पोरगा. आधी वाचा," ते म्हणाले.

'गुरुजी, मी वर डोंगरात आहे. घरी सांगू नका. आपणच पाठवलं म्हणून बाबा जिवाला लावून घेतील.'

मी उंबऱ्यावरच बसलो अन् ढसाढसा रडलो. गुरुजी शेजारी बसून राहिले.

प्रकाश सुखरूप परत आला. गुरुजी पुढं काही वर्षांनी गेले. 'मी म्हणलो नव्हतो का?' एवढं एक वाक्य मरेपर्यंत त्यांच्या तोंडून निघालं नाही. मी असतो तर गावभर सांगत सुटलो असतो. याचाही हेवा वाटतो मला, अजून.