मेणबाई, तिची ताई आणि बेशुद्ध पडणारा व्हॅम्पायर

आमच्या लॅबमध्ये दात बनतात. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप पाठवतात, त्यावरून आम्ही प्लास्टरचा साचा ओततो, साच्यावर मेणाची हिरडी चढवतो, हिरडीत दात लावतो आणि सगळं पक्कं झालं की कवळी डबीत घालून परत पाठवतो. मी साचे ओतायची. माझ्या शेजारच्या टेबलावर मेणाचं काम करणारी जी होती, तिला सगळे मेणबाई म्हणायचे. एकोणीस वर्षं आम्ही कोपराला कोपर लावून बसलो. नुसता साचा हातात घेऊन ही म्हणायची, "हा माणूस झोपेत दात खातो," आणि डॉक्टरला फोन केला की ते खरं निघायचं.

लग्न तिने केलं नाही, तिच्या थोरल्या बहिणीनेही नाही. दोघी दोन खोल्यांत राहायच्या. ताई बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, किती उशिरा, हे तीस वर्षं माइकवरून सांगून ती निवृत्त झाली होती. भाजी घेतानासुद्धा ती अशी बोलायची की आजूबाजूचे लोक पिशव्या उचलून उभे राहायचे.

या दोघींना एका पुस्तकमालिकेचं वेड लागलं. विनोदी, प्रेमाची, आणि नायक व्हॅम्पायर. मेणबाई जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी पुस्तक उघडायची आणि एकटीच हसायची. मी विचारलं, तेव्हा तिने मला अख्खी कथा सांगितली. अडीचशे वर्षांचा व्हॅम्पायर, पण रक्त पाहिलं की त्याला भोवळ येते. अंधारात चुकून कपड्यांच्या दुकानातल्या पुतळ्याच्या मानेला चावतो आणि त्याचा डावा सुळा तुटतो. मग दातांच्या डॉक्टरणीकडे जातो, तिच्या प्रेमात पडतो, आणि हिरडीतून थेंबभर रक्त आलं की तिच्या खुर्चीतच आडवा होतो. असे नऊ भाग.

"एक सांग," मेणबाई मला म्हणाली, "सुळा असा मुळापासून मोडतो का? आणि मोडला तरी ही बया एका बैठकीत नवा बसवते. माप नाही, साचा नाही. मग आपण काय इथे माशा मारतोय?"

"मग वाचतेस कशाला?"

"ताई वाचते, मी ऐकते. घरी ऐकलेलं इथे पुन्हा वाचते."

एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा ते प्रत्यक्ष ऐकलं. ताई खुर्चीत ताठ बसून, चष्मा नाकावर, व्हॅम्पायरचं प्रेमाचं बोलणं फलाटावरच्या सुरात वाचत होती. "मी तुमच्यासाठी अडीचशे वर्षं थांबलो आहे," हे वाक्य तिने असं म्हटलं की पुढे "प्रवाशांनी याची नोंद घ्यावी" येणार असं वाटलं. मेणबाई पोट धरून लोळत होती. ताईच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. एवढं खळखळून हसणारं घर मी फार पाहिलेलं नाही.

चौथा भाग चालू असताना ताईच्या तोंडात खाली उजवीकडे फोड आला. आधी गालच चावला गेला असेल म्हणून सोडून दिलं. महिनाभराने मेणबाईने स्वतः बोट फिरवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी कामावर येऊन ती मेण तापवत बसली आणि तापवता तापवता तिने ते जाळलं. असं कधी झालं नव्हतं.

"लागलं," ती म्हणाली. "गाठ आहे. हाताला कळतं गं."

तपासणीत तेच निघालं, कॅन्सर. ऑपरेशनमध्ये ताईचा खालचा अर्धा जबडा काढला. मांडीची कातडी घेऊन तोंड शिवलं. मग सहा आठवडे किरणांचे शेक दिले. घरी आली तेव्हा हनुवटी एका बाजूला ओढली गेली होती, तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं, आणि बोललेलं फक्त मेणबाईला समजत होतं. थोड्या दिवसांनी तिलाही समजेना. ताईने वही घेतली.

वाचणं आता मेणबाईकडे आलं. तिला ते जमत नसे. शाळेत धडा वाचायला उभं केल्यासारखी ती वाचायची. ताई वहीत लिहायची, "जरा जीव ओत. माणूस प्रेमात आहे, बँकेत नाही." मेणबाई ते पान फाडून मला दाखवायला आणायची. पण हसणं हे एक वेगळंच दुखणं होऊन बसलं. ताईला हसू आलं की शिवलेली बाजू ताणायची, लाळ गळायची, आणि ती टॉवेलने तोंड झाकून भिंतीकडे वळायची. म्हणून मेणबाई विनोदाची पानं गाळायला लागली. ताईच्या ते लगेच लक्षात आलं. वहीत तिने एवढंच लिहिलं, "सगळं वाच."

त्याच सुमारास मेणबाईने दात करायचं डोक्यात घेतलं.

ताईच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, "खाली आधारच उरला नाही. आणि शेक दिलेल्या हाडात स्क्रू घालता येत नाही. तुम्ही या कामातल्या आहात, तुम्हाला वेगळं काय सांगायचं?" तिने मान डोलावली आणि लॅबमध्ये येऊन मला म्हणाली, "ते डॉक्टर आहेत. कवळी मी बनवते."

मालकाने रविवारी लॅब वापरायला दिली. मी सोबत जायची. ताईच्या तोंडात माप घ्यायची पट्टी जाईना, तेव्हा मेणबाईने पट्टी कापून दोन तुकड्यांत माप घेतलं. ताई डोळे मिटून, हाताच्या मुठी वळून बसायची. एकदाही हूं की चूं केलं नाही. पहिली कवळी जीभ हलताच उचलली गेली. दुसरीने नव्या कातडीला जखम केली आणि ती भरायला तीन आठवडे गेले. तिसरी तिने पातळ केली, ती वरच्या दातांना भिडेचना.

चौथी करताना तिने जुने फोटो काढून आणले. ताईचे पुढचे दोन दात एकमेकांवर किंचित चढलेले होते, तेही तिने तसेच लावले. दातांचा रंग निवडायला तिने अर्धा दिवस घालवला. मला त्या दिवशी तिच्याकडे बघवत नव्हतं. ती बोलत होती, शीळ घालत होती, मला म्हणत होती, "आठवा भाग ताईच वाचणार बघ."

त्या रविवारी दुपारी कवळी बसली. म्हणजे ताईने तोंड मिटलेलं असताना बसली. गाल आतून भरल्यासारखा झाला, हनुवटी थोडी जागेवर आल्यासारखी दिसली. मेणबाईने आरसा धरला. ताईने बराच वेळ पाहिलं. मग खुणेने कंगवा मागितला आणि केस नीट केले.

"बोल ना," मेणबाई म्हणाली. "काहीही बोल. गाडीची वेळ सांग."

ताईने तोंड उघडलं. कवळी ओठांवरून घसरून मांडीवर पडली. मेणबाईने ती उचलली, धुतली, पुन्हा बसवली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा ती हात पुढे नेत होती, तेव्हा ताईने तिचं मनगट धरलं आणि वही ओढून लिहिलं, "बास कर."

पाचवी कवळी तिने केली नाही.

चार महिन्यांत गाठ परत आली, मानेत. आता कापण्यासारखं काही नव्हतं. सरकारी रुग्णालयाच्या मोठ्या खोलीत खिडकीजवळचा पलंग मिळाला. मेणबाई सुट्टी घेऊन तिथेच बसायची. वाचनालयातून नववा भाग आणायला मीच गेले होते. तिथला माणूस म्हणाला, "ताई बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत." मी म्हटलं, बरं नाही.

मी भेटायला गेले तेव्हा मेणबाई वाचत होती. नववा भाग, लग्नाचं प्रकरण. व्हॅम्पायर बोहल्यावर उभा आहे, डॉक्टरणीच्या बोटाला टाचणी टोचते आणि नवरदेव आडवा. शेजारच्या पलंगावरची बाई फिसकन हसली. ताई हसली नाही. तिने हाताने वही मागितली. अक्षर आता लागत नव्हतं, दोनदा लिहावं लागलं.

"हसू येत नाही. नको वाचूस."

मेणबाई म्हणाली, "बरं." पण पुस्तक मिटलं नाही. ती मनातल्या मनात वाचत राहिली, पानं उलटत राहिली. मी समोरच होते. तिचे डोळे ओळींवरून फिरत नव्हते, ती फक्त मोजल्यासारखी पानं उलटत होती. काही वेळाने ताईने हात लांबवून पुस्तकावर ठेवला. मग मेणबाईने ते मिटलं.

मंगळवारी दुपारी ताई गेली. तेव्हा मेणबाई खाली औषधांच्या रांगेत उभी होती. वर आली तेव्हा पलंगाभोवती पडदा ओढलेला होता.

पाचव्या दिवशी ती कामावर आली. हात तसाच होता, काम तसंच होतं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायची आणि समोर बघत खायची. कुणी विनोद केला की इतरांकडे बघून थोडं उशिरा हसायची. वर्षभराने मालकाने मशीन आणलं, ज्यात दात संगणकावर कोरतात. मेणाचं काम संपलं. तिला डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं, तेही तिने सहा महिने केलं आणि मग सोडलं.

त्यानंतर मी एकदाच तिच्याकडे गेले. तिने चहा केला. टीव्ही चालू होता, आवाज बंद. मी लॅबमधल्या गमती सांगितल्या, त्या सांगून संपल्या. ती म्हणाली, वरच्यांचं पाणी भिंतीतून झिरपतं, सांगून सांगून थकले. मी भिंत पाहिली, मोठा डाग होता. पुस्तकांचं मी विचारलं नाही. निघताना ती दारापर्यंत आली.

"येत जा गं," ती म्हणाली. "घर लांब नाही तुझं."

"येईन की," मी म्हटलं.

त्याला आता दोन वर्षं झाली. खरंच लांब नाही, चालत पंधरा मिनिटं. मी गेलेले नाही.