मेहुणीच्या स्वभावाची खात्री

मेहुणीला पाहायला पाव्हणे आले, तेव्हा मी एका इंग्रजी पुस्तकातल्या तत्त्वज्ञाला ओसरीवर आणून बसवलं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

जळगावच्या कॉलेजात मी तो शिकवत असे. आपलं सगळं ज्ञान अनुभवातून येतं, आणि आजवर जे घडलं ते पुढेही घडेल ही आपली निव्वळ सवय आहे, त्याला पुरावा नाही, असं त्याचं म्हणणं. या विचाराने जर्मनीतल्या एका मोठ्या पंडिताची झोप उडाली होती. माझ्या वर्गात कुणाची उडाल्याचं आठवत नाही.

सासुरवाडी धुळ्याजवळच्या खेड्यात. पाहण्याच्या वेळी मोठ्या जावयाने सासऱ्यांशेजारी बसायचं आणि मुलीबद्दल दोन शब्द बोलायचे, अशी तिथली रीत. मेहुणी गावच्या बालवाडीत शिकवायची. आधीच्या दोन स्थळांना तिची नोकरी खपत नव्हती, यांना चालणार होती. म्हणून हे जुळावं असं तिला मनापासून वाटत होतं. मला ते माहीत होतं.

मुलाच्या वडिलांनी, आबांनी, विचारलं, "जावईबापू, पोरना सोभाव शांत शे ना?"

मी म्हणालो, "आजवर तर शांतच आहे. पुढचं मात्र खात्रीने सांगता येत नाही."

सासऱ्यांचा अडकित्ता थांबला.

"म्हंजे? पुढे काय व्हई?" आबांनी विचारलं.

मी सावरायला गेलो. "तसं नाही, आबा. सूर्य रोज उगवतो, पण उद्या उगवेलच याला तरी काय पुरावा?"

"म्हंजे उद्या दिन निंघाव नही?" त्यांनी टोपी उचलून मांडीवर घेतली. माणूस उठायच्या बेतात होता.

अभ्यासाच्या खोलीबाहेर पडल्यावर सवयीनेच जगावं लागतं, हे त्या तत्त्वज्ञानेच कबूल केलेलं आहे. परीक्षेसाठी महत्त्वाचा म्हणून हा भाग मी दरवर्षी अधोरेखित करायला लावायचो. त्या वेळी मला तो आठवला नाही.

तेवढ्यात मेहुणी चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता, मान खालीच ठेवून म्हणाली, "भाऊजी काही लपवत नाहीत. त्यांनी मला इथे पाहिलंय. तिथे मी कशी राहीन ते तुम्ही कसं वागवता त्यावर आहे."

सासरे माझ्याकडे बघायचं टाळत होते. मुलाची आई मात्र पदर तोंडाशी धरून हसली आणि नवऱ्याकडे हात करून म्हणाली, "मनं लगीन ठरनं तवय या बी शांतच व्हतात."

आबांनी चहा बशीत ओतला आणि पिऊन झाल्यावर सुपारी फोडायचा दिवस विचारला.

परतताना एसटीत पारोळ्यापर्यंत बायको खिडकीबाहेरच बघत होती. मग म्हणाली, "लग्नात कुणी विचारलं, पंगतीला जेवण पुरेल ना, तर नुसतं हो म्हणा."